मालनची जट

गंगावेश, कोल्हापूर
३ जानेवारी १९७५

गुंडू,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं गुंडू. तुझं कार्ड काल मिळालं. तुझं म्हणजे पिराजी पोस्टमननं तुझ्या वतीनं लिहिलेलं. मालनच्या मानेवर जट आली, झुंबर जोगतिणीनं बघून सांगितलं की देवीनं पोरगी मागितली, माघाच्या पुनवेला यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन सोडणार, तुला कळावं. झालं. चार ओळी. म्हैस विकली तरी माणूस याहून जास्त लिहितो.

अरे, कुणाला सोडणार? कुत्र्याचं पिल्लू आहे का ती, पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडायला? तुझी लेक आहे. चौदा वर्षांची आहे, सातवीत आहे. तू तिच्या गळ्यात मणी बांधणार, हातात परडी देणार, आणि मग ती जन्मभर दारोदार जोगवा मागत फिरणार. तिचं लग्न होणार नाही, तिला घर मिळणार नाही, आणि गावातल्या कुठल्याही टोणग्यानं तिला हाक मारली तर बाप म्हणून तुला तोंड उघडता येणार नाही. हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. झुंबरबाईचं काय झालं ते आपण दोघांनी लहानपणी बघितलं आहे.

जट नाही ती, गुंता आहे. आपल्या घराण्याचे केसच तसले. आईचे तसले होते, माझे तसले आहेत, आणि टक्कल पडायच्या आधी तुझेही तसलेच होते. कुरळे, दाट आणि कोरडे. आठ दिवस फणी फिरली नाही की एकमेकांत शिरतात. धोंडुबाईला स्वतःच्या लेकीची वेणी घालायला सवड नसेल तर तो देवीचा कौल नव्हे, आईचा आळस आहे. तिला सांग, खोबरेल कोमट करून दोन दिवस मुरव. मग शेंड्याकडून सोडवत सोडवत वर जा, मुळाकडून ओढू नकोस. सुटला तर ठीक, नाही सुटला तर सरळ कात्री लाव. केस आहेत, परत येतील.

दिवाळीला ती माझ्याकडे आली तेव्हा केस चांगले होते. इथून गेली तेव्हाही चांगलेच होते. जे झालं ते तिकडे झालं.

नऊ वर्षं तू माझं तोंड बघितलं नाहीस. मी नवरा सोडला, सुलतानबीच्या हाताखाली नाटक-सिनेमातल्या बायकांचे केस बसवायला लागले, म्हणून बहीण मेली म्हणालास. या भाऊबीजेला पोरीला माझ्याकडे पाठवलंस तेव्हा मी दारात उभी राहून रडले. वाटलं, भाऊ परत मिळाला. आणि आता हे.

पिराजी, हे तूच वाचून दाखवणार मला ठाऊक आहे. गुंडूला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. वाईट वाटावं म्हणूनच लिहिलं आहे.

पुनवेला अजून सात आठवडे आहेत. कात्री लाव आणि कळव.

अंबूआक्का


गंगावेश, कोल्हापूर
१८ जानेवारी १९७५

गुंडू,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. धोंडुबाईनं मालनच्या केसांना फणी लावली आणि तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. म्हणून आता जटेला कुणी हात लावायचा नाही. वर हळदकुंकू लावलं, पोरीची शाळा बंद केली, आणि तिला वेगळ्या घोंगड्यावर बसवलं. शाबास! म्हशीची बुद्धी म्हशीबरोबर गेली असती तर बरं झालं असतं, ती तुझ्या डोक्यात येऊन बसली.

पोट फुगून मेली, हे तूच लिहिलं आहेस. कुणाच्या तरी ओल्या हरभऱ्यात शिरली असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं. देवीला रागच आला असेल तर तो फणी लावणाऱ्या धोंडुबाईवर काढायचा सोडून तिनं मुक्या जनावरावर काढला? आपली यल्लम्मा इतकी अडाणी आहे असं मला वाटत नाही. तू तिला तुझ्यासारखी समजतोस.

आता कामाचं. तू लिहितोस, साधा गुंता असता तर तेलानं सुटला असता. हा नारळाच्या काथ्यासारखा झालाय, ओढला तर केस तुटतो पण सुटत नाही, आणि शेंडे पांढुरके पडलेत. म्हणून झुंबरबाई म्हणते, असली जट देवीचीच.

ऐक. नऊ वर्षं मी हेच काम करते. कुरळा केस गरम चिमट्यानं सरळ करता येतो. दोन चपट्या पानांचा लोखंडी चिमटा कोळशाच्या शेगडीवर तापवायचा आणि केसांच्या बारीक बटेवरून वरून खाली सरकवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण सुलतानबीनं मला पहिलं वर्षभर चिमट्याला हात लावू दिला नव्हता. तिचे नियम कुराणासारखे. केस शिकेकाईनं धुऊन आधी पूर्ण वाळवायचा, मुळापर्यंत बोट घालून बघायचं, जरा ओल लागली तर काम बंद. ओल्या केसाला चिमटा लावला तर आतलं पाणी उकळतं. चिमटा शेगडीवरून काढला की आधी पांढऱ्या कागदात धरायचा. कागद पिवळा पडला तर चिमटा हवेत धरून थांबायचं, आणि कागद पांढरा राहिला तरच केसाला लावायचा. मुळापासून दोन बोटं सोडून सुरुवात करायची, मध्ये कुठंही थांबायचं नाही, एका बटेवरून एकदाच. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह झाला तर स्वतःच्या कानाला लाव, असं ती म्हणते. नंतर शेंड्यांना तळहातावर मावेल एवढंच खोबरेल. आणि पुन्हा महिनाभर त्या डोक्याला ऊब दाखवायची नाही.

हे न पाळता कुणी चिमटा लावला तर केस जळतो. पांढुरका पडतो, काथ्यासारखा होतो आणि एकदा गुंतला की सुटत नाही. तू देवीच्या जटेचं म्हणून जे लिहिलंस ते जळलेल्या केसाचं वर्णन आहे.

तेव्हा कुणीतरी पोरीच्या केसांना गरम काहीतरी लावलं आहे. डिसेंबरात आजऱ्याला धोंडुबाईच्या भावाचं लग्न होतं. लग्नघरात बायका हौसेनं एकमेकींना नटवतात. तिच्या भावजयीकडे इस्त्री आहे म्हणतात. त्यांना जाऊन विचार. मला काय विचारतोस?

अंबूआक्का


गंगावेश, कोल्हापूर
४ फेब्रुवारी १९७५

गुंडू,

परवा मी तुझ्या अंगणात येऊन उभी राहिले. नऊ वर्षांनी आले, तरी तू ‘आत ये’ म्हणाला नाहीस, पाणी विचारलं नाहीस. ठीक आहे. त्याचा राग मी दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी करीन, आज त्याला जागा नाही.

वीसेक माणसं जमली होती. झुंबरबाई परडी घेऊन मधोमध बसली होती आणि तिच्या शेजारी घोंगड्यावर मालन. मानेवर हळदीनं पिवळा झालेला तो गोळा. तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, ‘आक्का, तुझ्या सांगण्यावरनं आजऱ्याला जाऊन आलो. मेव्हण्याच्या घरात भांडान लागलं. त्याची बायकू रडाय लागली, म्हनली पोरीच्या डोस्क्याला मी हात सुदीक लावला न्हाय. आन् ह्या पोरीला धा येळा इचारलं. ती बी म्हनती, कुनी काय लावलं न्हाय. मग जट आली कुठनं? बोल की आता!’

मी मालनकडं बघितलं आणि मालननं माझ्याकडं बघून एवढीशी मान हलवली. तुमच्यापैकी कुणाला ते दिसलं नाही. मला दिसलं. ‘मी सांगितलं न्हाय, आत्ती, भिऊ नको,’ असं होतं ते. आणि मी, पंचेचाळीस वर्षांची घोडी, चौदा वर्षांच्या पोरीच्या आडोशाला गप्प उभी राहिले आणि साडेचारच्या एस.टी.नं परत आले.  शेजारच्या बाईनं विचारलं, पावणं, बरं वाटत न्हाय काय? काय सांगणार होते तिला?

पिराजी, इथून पुढं मोठ्यानं वाच. झुंबरबाई असेल तर तिलाही ऐकू दे.

मालनचे केस मी जाळले.

एक डिसेंबर, रविवार. तिला इथून थेट आजऱ्याला लग्नाला पाठवायची होती. धोंडुबाईचा निरोप होता, ‘पोरीचं केस जरा सरळ बसवून पाठवा, आमच्या म्हायेरची मानसं तिला झिपरी म्हनत्यात.’ मला काय, तेवढंच हवं होतं. मी फुशारकी मारली, पाण्यासारखे सरळ करून देते म्हटलं. त्या धोंडुबाईच्या माहेरच्यांना कळू दे, गुंडूची टाकलेली बहीण काय चीज आहे ते.

सुलतानबी स्टुडिओत गेली होती. चारची गाडी होती. पोरगी उशिरा न्हाली. वरचे केस उन्हात वाळले, पण मानेवरचे दाट, ते आत ओलेच होते. ती म्हणालीसुद्धा, ‘आत्ती, मागं अजून वलं हाईत.’ मी म्हटलं, ‘तुला जास्त कळतंय व्हय?’ वरचे केस छान बसले. सव्वातीन वाजले होते. मी चिमटा पुन्हा निखाऱ्यात खुपसला आणि घाईत काढून तसाच मानेवर लावला. कागद लावला नाही. कागद हाताशी होता, गुंडू. लावला नाही.

चर्र झालं आणि वाफ आली. मग वास आला. चिमटा उघडला तर मूठभर केस गुळाच्या रंगाचे झालेले, आणि खाली मानेवर बोटाएवढा फोड. पोर ओरडली नाही. दात आवळून बसली आणि मलाच म्हणाली, ‘गाडी चुकंल, आत्ती.’

तेव्हाच कात्री घेऊन तेवढे केस कापले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी आधी माझा विचार केला. नऊ वर्षांनी भावानं विश्वासानं पोरगी दिली आणि ती अशी परत जाणार. सुलतानबी मला हाकलणार. तुमच्या भागातल्या दोन-चार नवऱ्यामुली माझ्याकडं केस बसवायला येतात, त्या बंद होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्या जळक्या केसांना बचकभर एरंडेल थापलं, करकचून अंबाडा घातला, पंधरा आकडे खुपसले आणि वर अबोलीचा गजरा माळला. आणि सांगितलं, ‘आठ दिवस सोडू नको. फणी लावू नको. कुनी इचारलं तर सांग, आत्तीनं नुसता अंबाडा घातला. तुला माझ्या गळ्याची शपथ हाय.’

पोर शपथ पाळते आहे. आजऱ्याला सगळ्यांनी कौतुक केलं असेल, धोंडुबाई मिरवली असेल. आठ दिवसांनी मालननं तो अंबाडा तसाच, न सोडता, कपड्याच्या साबणानं धुतला. हे मला आत्ता कळलेलं नाही. गेल्या महिन्यात तिनं पिराजीच्या बायकोजवळ सहज बोलून दाखवलं होतं, ते पिराजीनं तुझ्या दुसऱ्या कार्डावर लिहिलं होतं. तुला त्यात काही दिसलं नाही. मला सगळं दिसलं. जळलेले केस, एरंडेल आणि साबण. त्याची जट नाही होणार तर काय होणार? तरीही मी त्या दिवशी बसून तुला आजऱ्याच्या इस्त्रीची गोष्ट लिहिली. स्वतःच्या भाचीचा केसानं गळा कापला मी.

काल सुलतानबीला सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले. ‘कागद लावला हुतास?’ न्हाय म्हटलं. ‘वलं हुतं?’ व्हय म्हटलं. तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाली, ‘केस जळला त्येचं मला काय न्हाय, अंबू. सुरवातीला माझ्या हातनं बी जळल्यात. पर पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंस, ते कुनी शिकिवलं तुला? म्या न्हाय शिकिवलं.’

तुझ्या घरात देवी आली नाही, गुंडू. मी आले होते. जट काप, आणि माझ्यावर काय राग काढायचा तो काढ.

अंबू


गंगावेश, कोल्हापूर
१७ फेब्रुवारी १९७५

गुंडू,

तुझं उत्तर पाठ झालं आहे. ‘आक्का, आदी आजऱ्याच्या मानसांवर घातलंस. आता सोतावर घेतीस. पोरीला सोडवायला उद्या म्हनशील देवीच खोटी हाय. तुझं कुठलं खरं मानू?’

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तू बरोबर आहेस याचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू शहाण्यासारखं बोललास, तेही अशा वेळी. एकदा खोटं बोलणाऱ्याचं खरं कोण ऐकेल?

आणि मालन अजूनही ‘कुनी काय लावलं न्हाय’च म्हणते. माझं पत्र पिराजीनं तिच्यासमोर वाचलं, तरी ती हो म्हणाली नाही. तिला वाटतं हा तुमचा डाव आहे. शपथ मोडली तर आत्ती मरेल असं तिला वाटतं. ती मला जगवते आहे रे, आणि तू तिच्या तोंडचा तोच शब्द धरून तिला डोंगरावर नेतो आहेस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो तुझा पीळ. तोच माझाही. म्हणून आता ऐक मी काय केलं ते.

आपल्या आईचे केस माझ्या डोक्यावर आहेत. मालनचेही तेच. सात तारखेला मी न्हाले आणि ओल्या केसांनी सुलतानबीपुढं पाट मांडून बसले. म्हटलं, मानेवर लाव, तापलेला, कागद न लावता. तिनं शेगडीत कोळसे घातले. मग म्हणाली, ‘तीस वर्सं झाली, जानूनबुजून एक केस जाळला न्हाय म्या. हे माझ्या हातनं करून घेतीस व्हय?’ मी म्हटलं, माझा हात मागं पोचत नाही, नाहीतर तुला सांगितलं नसतं.

तिनं लावला. तोच आवाज झाला आणि तोच वास आला. मालनला त्या दिवशी किती पोळलं असेल ते मला त्या वेळी कळलं. मग एरंडेल, मग अंबाडा. आठ दिवस सोडला नाही. परवा तो तसाच कपड्याच्या साबणानं धुतला. आज माझ्या मानेवर मुठीएवढा गोळा आहे. काथ्यासारखा, शेंड्याला पांढुरका. सुलतानबीनं फणी घालून बघितली, फणीचे दोन दात मोडले.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं येते. चावडीसमोर बसेन, कारण तुझ्या अंगणात मला जागा नाही. झुंबरबाईला बोलाव. तिनं माझ्या मानेला हात लावून सांगावं, ही जट देवीची की सुलतानबीच्या चिमट्याची. देवीची म्हणाली, तर मालनबरोबर मलाही सोड. पंचेचाळीस वर्षांची जोगतीण, तयार, नुसती परडी घेऊन ये. आणि चिमट्याची म्हणाली, तर मी ती तिथल्या तिथं सगळ्यांदेखत कापणार. कोप व्हायचा तर आधी माझ्यावर होऊ दे. मला काही होतं का ते उभ्या उभ्या बघा, आणि मग पोरीची कापा.

या वेळी मी गप्प बसणार नाही. तुझ्या चार म्हशी मेल्या तरी बसणार नाही.

आक्का


गंगावेश, कोल्हापूर
९ मार्च १९७५

गुंडू,

त्या शुक्रवारी चावडीसमोर मी पदर काढून मान दाखवली तेव्हाच तू उठून मळ्याकडं चालता झालास. तेव्हा पुढचं तुला गावानं सांगितलं असेल, गावाच्या पद्धतीनं. आता माझ्याकडून ऐक.

मी म्हटलं, ‘झुंबरबाई, हात लावा.’ तिनं आधी नुसतं बघितलं. मग जवळ आली आणि दोन बोटांत तो गोळा धरला. शेंडा चुरगळून बघितला. मला वाटलं आता आरडाओरडा करणार, अंगात येणार. ती हात काढीना. मान वळवून बघितलं तर म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. म्हणाली, ‘माझी बी असलीच हुती. मला शेगडीवर पाडल्याली, भावानं. आठ वर्सांची हुते. केस जळल्यालं तसंच बांधून ठिवलं आमच्या आईनं. म्हैन्यानं म्हनली, देवी आली.’ एवढं बोलून तिनं परडी उचलली आणि कुणाकडंही न बघता निघून गेली. गावात पुन्हा दिसली नाही म्हणे. कुठं गेली ते तुम्ही शोधलंत का? नसेलच शोधलं.

मी माझी जट कापली. कात्री बोथट होती, वेळ लागला. मला काही झालं नाही. आणि मग धोंडुबाई आली. जिला मी आळशी म्हटलं, ती. माझ्या हातातून कात्री घेतली, मालनला पुढ्यात बसवलं, आधी त्या जटेला कपाळ लावलं आणि म्हणाली, ‘आई, चुकत असलं तर माझ्यावर घे, पोरीवर न्हाय.’ आणि कापली. मुळाजवळ तो फोडाचा डाग निघाला, माझ्या चिमट्याच्या पानाएवढा.  पिराजी एवढंच म्हणाला, ‘आक्का, तुमचं समदं पत्र म्या वाचलं. पर इश्वास मला बी बसला नव्हता.’

आणि तू संध्याकाळी आलास आणि काय म्हणालास? ‘चैताची पुनव हुईपतोर पोरगी घरात नको. कोप झाला म्हंजी?’ कापणारी तिची आई तुझ्या घरात चालते, दूध काढते, भाकरी थापते. पोरगी मात्र नको. म्हणून मी तिला इकडं घेऊन आले. तू हात जोडून ‘घेऊन जा’ म्हणालास असं गावात सांगतोस म्हणे. हात जोडले नव्हतेस, दार लावलं होतंस. पिराजी, हे दोनदा वाच.

मालन बरी आहे. मानेवर केस फुटताहेत, आधीसारखेच कुरळे. सुलतानबी रविवारी तिला न्हाऊ घालते, मोठ्या दातांच्या फणीनं हळूहळू सोडवते आणि सांगते, ‘ह्येला कुनी चिमटा लावला तर त्येचा हात मोडीन.’ सुलतानबीला ती हात लावू देते. मला देत नाही. मी जवळ गेले की उठून जाते. जेवण वाढलं तर जेवते, विचारलं तर हो-नाही म्हणते. मी तिच्या पाया पडले, गुंडू. आत्यानं भाचीच्या पाया पडायचं नसतं, तरी पडले. ती म्हणाली, ‘उठ, आत्ती,’ आणि पाणी भरायला गेली.

पुन्हा शाळेत घातली आहे. बाईंनी विचारलं, मध्ये दोन महिने कुठं होतीस. तिनं सांगितलं, आजारी होते. मी घरी आल्यावर विचारलं, खरं का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ‘कुनाचं खरं सांगू?’

आज हे पत्र लिहायला बसताना तिला विचारलं, बाबाला तुझ्याकडून काय लिहू? ती दारात बसून जोंधळे निवडत होती.  सूपभर निवडून झाले, मग म्हणाली, ‘त्यास्नी लिही, जट देवीची का चिमट्याची, हे समद्यांनी इचारलं. मला जायाचं हाय का, हे कुनीच इचारलं न्हाय.’

मी म्हटलं, लिहिते.

तेव्हा तिनं वर बघितलं. इकडं आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. म्हणाली, ‘तू बी न्हाय, आत्ती. त्ये बी लिही.’

लिहिलं.

अंबू